दुर्गाबाईंच्या घरचं पाणी

पाणी पारखायची दुर्गाबाई तायडेंची रीत एकच होती. तुरीची डाळ शिजवून पाहायची. ज्या पाण्यात डाळ विरघळते ते पाणी अमृत, आणि ज्यात ती दाणा धरून बसते ते गुरांना पाजावं. ही पारख त्यांना आईकडून मिळाली होती. आईचं माहेर पातूरकडचं, डोंगराच्या पायथ्याचं. तिथं डाळ चुलीवर ठेवून बाई दळण निवडायला बसली, की दळण निवडून होईस्तोवर वरण तयार. आणि अशा मुलीला दिलं कुठं, तर पूर्णेच्या काठच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीत कुठंही खणा, खारंच पाणी लागतं. "पोरगी विहिरीत ढकला, पण खारपाणात देऊ नका," असं आई जन्मभर म्हणत राहिली. मग आपल्या पोरीची वेळ आली तेव्हा तिनं त्याच पट्ट्यातल्या टाकळीचे डोमाजी पसंत केले, कारण जावई नोकरीवाला होता.

डोमाजी एसटीत कंडक्टर होते. दर्यापूर, अंजनगाव, अकोट, सगळा मुलूख त्यांनी तिकिटं फाडत पालथा घातला. त्यांच्या खरेपणाची डेपोत थट्टा व्हायची. एकदा तपासणीवाल्यांनी गाडी थांबवली, तेव्हा एका म्हातारीचं तिकीट फाडायचं राहिलंय हे यांनीच पुढं होऊन सांगितलं आणि मेमो घेतला. "अबे, म्हातारी गप बसली होती, तू कायले बोलला?" असं ड्रायव्हरनं विचारलं, तर म्हणाले, "राहिलं होतं तं राहिलं होतं." असल्या माणसाशी संसार करणं सोपं नसतं. दुर्गाबाईंची भांडणं पुष्कळ झाली, पण नवऱ्याच्या शब्दावर शंका घ्यायची पाळी त्यांच्यावर कधी आली नव्हती.

निवृत्तीनंतर दोघांनी अमरावतीच्या बाहेर, वलगाव रोडवरच्या एका नव्या लेआउटमध्ये घर बांधलं. मुलगा अश्विन अकोल्याला वीज कंपनीत होता, रविवारी यायचा. घर छान झालं, फक्त नळ तिथवर पोचला नव्हता. बोअर मारली. पाणी भरपूर लागलं, पण जड. भांड्यांवर पांढरा थर, साबणाला फेस नाही, आणि डाळ तशीच अडून बसलेली. खारपाण सुटलं आणि जडपाण लागलं, असं दुर्गाबाई म्हणायच्या आणि टाकळीत घालायच्या तसाच चिमूटभर सोडा डाळीत घालायच्या.

मग त्या हिवाळ्यात डोमाजींना दम लागायला लागला. जिना चढताना, मग अंगणात चालताना, मग नुसतं बसल्या जागी. डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या आणि समोर बसवून सांगितलं, की हृदय थकलंय आणि किडन्याही अर्ध्याच काम करताहेत. गोळ्या दिल्या. मीठ बंद केलं. पापड, लोणचं, फरसाण, खारे दाणे, सोडा, सगळं बंद. "मीठ पोटात गेलं की अंगात पाणी साचतं, आणि पाणी साचलं की हृदयाला ते ओढवत नाही," असं त्यांनी दोनदा समजावलं. आणि निघता निघता म्हणाल्या, "पाणी चांगलं प्या."

दुर्गाबाईंनी घरातलं मीठच काढून टाकलं. नवऱ्यापुढं अळणी ताट ठेवून आपण चवीनं जेवणं त्यांना जमलं नसतं, म्हणून त्याही अळणी जेवू लागल्या. आणि चांगल्या पाण्याचं मनावर घेतलं.

अश्विननं फोनवर सांगितलं, "आई, आरओ लाव. जास्त विचार करू नको." त्यानंच दुकानातून विपुल नावाचा एक पोरगेला माणूस पाठवला. विपुल बोलण्यात पटाईत होता. त्यानं नमुन्याचं यंत्र स्वयंपाकघरातल्या नळाला जोडलं. एका नळीतून पेल्यात बारीक धार पडायला लागली आणि दुसरीतून मोरीत, चांगली जाड.

"हे कुठं चाललं?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"ते वेस्ट, काकू. एक बादली पिवाले भेटते, तं दोन-तीन बादल्या तिकडं जाते."

दुर्गाबाईंनी मोरीत बादली लावली आणि ती भरताना पाहत राहिल्या. टाकळीत त्यांच्या वस्तीची विहीर वेगळी होती. उन्हाळ्यात ती तळाला जायची, तेव्हा बाया आत उतरून वाटीनं पाणी गोळा करायच्या आणि ते खारं का असेना, त्यातला थेंब सांडला तर सासू शिव्या द्यायची. माहेरी असंच बालपण आणि सासरी अशी जवानी काढलेल्या बाईला घरात बसून पाणी मोरीत सोडायला सांगणं म्हणजे काय, हे विपुलला कुठून कळणार. "नाई," त्या म्हणाल्या. "दुसरं दाखव."

दुसरं होतं ते सगळ्या घराचं पाणी मऊ करायचं यंत्र. एक उंच निळी टाकी, वर एक दांडा, शेजारी मिठाच्या पाण्याचा ड्रम. यानं भांडी पांढरी होत नाहीत, कपडे स्वच्छ निघतात, केस गळत नाहीत, असं विपुल सांगत सुटला. दुर्गाबाईंनी त्याला मध्येच थांबवलं.

"डाळ शिजते का?"

"लोण्यासारखी."

त्याच्या गाडीवर दुसऱ्या एका घरातून भरून आणलेली त्या पाण्याची कॅन होती. दुर्गाबाईंनी साधं पातेलं ठेवलं, कुकर नाही, सोडा नाही, आणि त्याला बसवून ठेवलं. तो दोन कप चहा प्यायला, चार फोन केले. मग त्यांनी पातेल्यात पळी फिरवली. डाळ पाण्यात मिसळून गेली होती. पातूरच्या आजीच्या घरानंतर असं वरण त्यांनी स्वतःच्या हातानं पहिल्यांदा केलं होतं, आणि त्यांचे डोळे भरून आले. असल्या वेळी माणूस यंत्र घेतोच.

विपुलनं एक गोष्ट सांगितली, नाही सांगितली असं नाही. "काकू, हे वापराचं पाणी हाये. पिवाले एक छोटा आरओ अलग लावून घ्या."

"ज्या पाण्यात डाळ शिजते ते पिवाले काय होते?"

विपुलला पुढच्या घरी जायचं होतं, तो सामान आवरायला लागला.

दुर्गाबाईंनी मिठाच्या ड्रमकडं बोट दाखवलं. "आमच्या घरी मीठ बंद हाये."

"मीठ यंत्राले, काकू, माणसाले नाई. अधूनमधून मिठाचं पाणी आतून फिरवाचं, म्हंजे यंत्र ताजं होते. मंग साधं पाणी सोडून धुवून काढाचं. तोंडात घेऊन पाहाचं. खारट लागणं बंद झालं का दांडा जागेवर आणाचा. सगळं धुवून जाते."

यात विपुल खोटं बोलला नाही. मीठ धुवून जातं, पण ते नीट धुतलं तर, आणि तरीही थोडं पाण्यात उतरतंच, म्हणून तर प्यायचं पाणी वेगळं घ्यायचं. चूक एवढीच झाली, की धुणं पुरं झालं का नाही हे ठरवायचं काम त्यानं एका खारपाणातल्या जिभेवर सोपवलं. आयुष्यभर खाऱ्या पाण्यावर पोसलेल्या माणसाला खारं पाणी खारं लागत नाही. त्याला ते नुसतं पाणी लागतं, आणि गोड पाणी पानचट लागतं.

यंत्र बसलं. मिठाचं पाणी फिरवून झालं, की दुर्गाबाई धुवायचा दांडा फिरवायच्या, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायच्या, खारट लागायचं नाही. लगेच दांडा जागेवर. पाणी फुकट घालवण्यात त्या विपुलच्या बाकीच्या गिऱ्हाइकांहून फार मागं होत्या आणि याचा त्यांना अभिमान होता. डोमाजींनी पहिला पेला पिऊन झाल्यावर पेल्याकडं पाहिलं. "टाकळीच्या पाण्यावानी लागते," ते खूश होऊन म्हणाले.

"टाकळीत डाळ नव्हती शिजत," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले. अश्विन रविवारी आला. तोही खारपाणातच वाढलेला. तोही ते पाणी घटाघटा प्यायला.

शेजारच्या मैनाबाई यंत्र पाहायला आल्या. त्यांचे यजमान जानराव, वलगावची काळ्या मातीची शेती, घर मात्र पोरांच्या शाळेसाठी इथं बांधलेलं. कुंपणावरून बोलण्याइतकी ओळख दोघींची झाली होती. मैनाबाईंनी वाटीभर अंबाडीची भाजी आणली होती. "भाऊंसाठी केली. मीठ टाकलं नाई, बरं का," असं त्यांनी आल्या आल्या सांगितलं. दुर्गाबाईंना ते फार आवडलं. त्यांनी तबकात घासलेला स्टीलचा पेला ठेवून नव्या यंत्राचं पाणी पुढं केलं. मैनाबाईंनी एक घोट घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पेला त्यांनी हळूच खाली ठेवला, मग इकडचंतिकडचं बोलल्या आणि गेल्या. पेला भरलेलाच राहिला.

दुर्गाबाईंनी तबक उचललं. असे पेले त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते. लहानपणी शाळेतल्या मैत्रिणीच्या दारात त्यांना ओंजळीत पाणी मिळायचं, वरून. ते तरी उघड होतं. पुढं डेपोच्या खोल्यांत राहत असताना कुणाकुणाच्या बायका यायच्या, हसायच्या, बसायच्या, आणि पाणी पुढं केलं की म्हणायच्या, आत्ताच पिऊन आलो, तहान नाही, चहा घेतलाय. त्या सगळ्या सबबी दुर्गाबाईंना पाठ होत्या. त्यांनी पेल्यातलं पाणी झाडाला घातलं आणि पेला दोनदा घासला.

मैनाबाई पुन्हा आल्या तेव्हा दुर्गाबाईंनी मुद्दाम पाणी आणलं. मैनाबाई पेल्याकडं पाहून ओशाळल्या. "राहू द्या, बाई. आज एकादस हाये."

त्या गेल्यावर दुर्गाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "एकादशीले पाणी चालते."

"असन काई."

"असन काई नाई. मले समजते."

"दुर्गा, त्या बाईनं तुले भाजी आणून देली."

"देणं सोपं असते," दुर्गाबाई म्हणाल्या. "घेते का ते पाहा."

मैनाबाईंची वाटी दुर्गाबाईंनी परत केली ती धुऊन, कोरडी करून, रिकामी. शेजारणीची वाटी आपल्याकडं कुणी रिकामी परत करत नाही, निदान साखरेची चिमूट तरी घालतात. मैनाबाईंनी ती वाटी हातात घेतली, आत पाहिलं आणि घरात गेल्या. त्यानंतर कुंपणावरचं बोलणं थांबलं.

इकडं डोमाजींच्या पायांवर सूज चढायला लागली. आधी मोज्याचा वळ उमटायचा, मग चप्पल होईना, मग रात्री आडवं झालं की जीव घाबरायचा. दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथं गोळ्या तशाच होत्या, जेवण दवाखान्याचं, पाणी दवाखान्याचं, आणि सूज भराभर उतरली. डोमाजी चालत घरी आले, आणि बघता बघता पुन्हा सुजले. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या नडगीवर बोट दाबलं. खड्डा पडला तो भरेना. त्या डोमाजींशी नाही, दुर्गाबाईंशी बोलल्या. "आजी, यांच्या पोटात कुठून तरी मीठ जातंय. इथं सूज उतरते आणि घरी चढते. तुम्ही लक्ष ठेवा."

दुर्गाबाईंनी लक्ष ठेवलं. स्वयंपाकात मीठ नव्हतं, ते त्यांच्याच हातात होतं. म्हणजे बाहेरचं. सकाळी फिरायला म्हणून जाणारा माणूस रोडवरच्या टपरीपाशी थांबतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी सदऱ्याचे खिसे उलटे करून पाहिले. पाहुण्यांसाठी वर ठेवलेली लोणच्याची बरणी खाली काढून पाहिली. खिशात काही सापडलं नाही आणि बरणीतलं तेल जसंच्या तसं होतं, पण संशयाला पुरावा लागतो कुठं. त्यांनी फिरणं बंद केलं.

"मी नाई खाल्लं, दुर्गा."

"मंग सुजले कशानं?"

"मले काय माहीत. पण खाल्लं नाई."

रविवारी अश्विन आला होता. जेवताना पुन्हा तोच विषय निघाला, पुन्हा डोमाजींनी तेच उत्तर दिलं आणि दुर्गाबाईंचा तोल गेला. त्यांना भीती वाटत होती, आणि भ्यायलेलं माणूस फार वाईट बोलतं. "पाह्य अश्विन," त्या म्हणाल्या, "जन्मभर कोणाचं तिकीट बुडवलं नाई, आन आता म्हातारपणी मिठासाठी चोरी करून राहिले. वरून खोटं बोलते."

अश्विननं बापाकडं पाहिलं आणि ताटात नजर वळवली. "बाबा, खाल्लं असन तं सांगा ना. कोणी मारते का तुमाले?" तो एवढंच म्हणाला, तेही मायेनं. डोमाजींच्या हातातला घास तसाच राहिला. मग त्यांनी तो खाल्ला, ताट पुरं केलं, हात धुतले.

त्या दिवसापासून त्यांनी ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही. पण ते काहीही तोंडात घालायच्या आधी बायकोला विचारू लागले. हे केळं खाऊ का? ही गोळी याच वेळची ना? चहात काही टाकलं नाही ना? विचारताना ते लहान मुलासारखे तोंडाकडं पाहायचे. दुर्गाबाईंना वाटायचं, आता धडा मिळाला. पाणी मात्र ते न विचारता प्यायचे, कारण पाण्याला कोण विचारतं.

दुसऱ्यांदा दवाखान्यात न्यावं लागलं तेव्हा ते बसल्या जागी धापा टाकत होते. या खेपेला दुर्गाबाईंनी ठरवलं, की हयगय करायची नाही. दवाखान्याच्या कूलरवर मागच्या वेळी त्यांनी शेवाळ पाहिलं होतं. त्यांनी घरून पाणी न्यायला सुरुवात केली. रोज सकाळी कॅन भरायची, ऑटोत मांडीवर घेऊन बसायची, आणि नवऱ्याला आपल्या हातानं पेल्यानं पाजायची. डॉक्टरांनी पाणी मोजून सांगितलं होतं, तेवढंच, एक घोट जास्त नाही.

सूज उतरली नाही. डॉक्टरीणबाई कागद उलटसुलट करत खाटेपाशी उभ्या राहायच्या. एका सकाळी त्यांनी मायलेकांना बाहेर नेऊन सांगितलं, की किडन्या जवळजवळ थांबल्यात आणि हृदयात आता फार ताकद उरलेली नाही. "मला कळत नाही," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी इथं लगेच फरक पडला होता. आता तर ते खाटेवरून उठतसुद्धा नाहीत."

हे शेवटचं वाक्य दुर्गाबाईंच्या डोक्यात राहिलं. खाटेवरून न उठणारा माणूस टपरीवर कसा जाईल, हे त्यांना घरी येताना ऑटोत सुचलं. पण त्याचं पुढं काय करायचं ते समजेना. घरी आल्या, त्यांनी कपडे घेतले, आणि अंगणातल्या नळाखाली कॅन लावली.

कुंपणापलीकडं मैनाबाई उभ्या होत्या. किती दिवसांनी त्यांनी तोंड उघडलं. "कसे हायेत भाऊ?"

"हायेत."

मैनाबाई कॅनकडं पाहत होत्या. "हे पाणी दवाखान्यात नेता?"

"हो."

"नका नेऊ, बाई."

दुर्गाबाईंनी नळ बंद केला. एवढ्या दिवसांचं, एवढ्या वर्षांचं सगळं त्यांच्या तोंडाशी आलं. "काहून? आमच्या घरचं पाणी आमच्या माणसालेबी चालत नाई का आता? दोनदा पेला तसाच सोडून गेल्या तुमी. मले समजलं नाई असं वाटलं? एकादशीले पाणी चालते, बाई. आमाले माहीत हाये ते."

मैनाबाईंचा चेहरा उतरला. त्यांना आधी नीट कळलंच नाही आणि मग एकदम कळलं. "अवं माय," त्या हळू म्हणाल्या. "खारं हाये ते पाणी. मिठावानी खारं. माह्या घशाखाली उतरलं नाई."

"मंग तोंड काहून नाई उघडलं?"

"कसं सांगू? आमच्यातल्या बाईनं तुमच्या घरी याचं आन म्हणाचं, तुमचं पाणी पिण्यासारखं नाई. तुमी काय समजल्या असत्या?"

दुर्गाबाईंपाशी याचं उत्तर होतं. जे त्या न सांगता समजल्या तेच सांगूनही समजल्या असत्या. मैनाबाई भिऊन गप्प राहिल्या, दुर्गाबाई दुखावून गप्प राहिल्या, आणि दोघींच्या मध्ये एक माणूस तेच पाणी पीत राहिला.

मैनाबाईंनी आपल्या घरातून पाणी आणलं, आरओचं. दुर्गाबाई कुंपणापाशीच ते ओंजळीत न घेता पेल्यानं प्यायल्या, मग आपल्या कॅनमधलं प्यायल्या, मग पुन्हा ते. त्यांना एक पानचट लागलं आणि दुसरं पाणी लागलं. बाकी काही नाही. आपली जीभ काही सांगायच्या लायकीची नाही, हे त्यांना त्या वयात कळलं, आणि जिच्यावर सगळ्यात कमी भरवसा होता तिच्या जिभेवर विश्वास ठेवावा लागला. मग एकेक गोष्ट आपोआप समोर येत गेली. पहिल्यांदा डोमाजी दवाखान्याचं पाणी प्यायले, सूज उतरली. घरी आले, चढली. आता दवाखान्यात आहेत, पण पाणी घरचं आहे. मांडीवर घेऊन नेलेलं. आणि सगळ्यात शेवटी सुचलं ते हे, की डोमाजींनी मीठ खाल्लं नव्हतं. ते खरं सांगत होते. दुर्गाबाई ओट्यावर बसल्या. मैनाबाईंनी न विचारता त्यांची कॅन रिकामी केली, आपल्या घरच्या पाण्यानं भरून आणली आणि ऑटो थांबवायला स्वतः रोडवर गेल्या.

दवाखान्यात अश्विन व्हरांड्यात फोनवर बोलत होता. दुर्गाबाई त्याला ओलांडून थेट खाटेपाशी गेल्या. डोमाजी उशांना टेकून बसले होते, नाकाला नळी होती. त्यांनी कॅन पाहिली आणि सवयीनं तोंड थोडं पुढं केलं.

"आयकता का," दुर्गाबाई म्हणाल्या. "तुमी मीठ खाल्लं नाई."

डोमाजींनी पुढं केलेलं तोंड मागं घेतलं.

"पाण्यात होतं ते. आपल्या यंत्राच्या पाण्यात. मले खारं लागलं नाई, तुमालेबी लागलं नाई. मीनंच पाजलं तुमाले. घरीबी आन इथंबी." त्यांना वाटलं होतं, हे बोलताना रडू येईल. आलं नाही. "डॉक्टरीणबाईले सांगाले जाऊन राहिली. पण पहिले तुमाले सांगतलं."

डोमाजींनी श्वास जमवला. त्याला वेळ लागला.

"नाई खाल्लं मीनं?"

"नाई."

"मले वाटलं, खाल्लंच असन," ते म्हणाले. "तू म्हणत होती तं. तू कायले खोटं बोलशील? म्हटलं, म्हातारपण हाये. खाल्लं असन कुठंतरी, ध्यानात राहिलं नसन."

दुर्गाबाईंनी खाटेचा दांडा धरला. जन्मभर ज्या माणसाला स्वतःच्या शब्दाची खात्री होती, त्याची ती खात्री त्यांनी काढून घेतली होती, आणि त्यानं ती मुकाट्यानं देऊनही टाकली होती, केवळ मागणारी दुर्गा होती म्हणून. पाणी बदलता येईल. हे कशानं भरून काढायचं ते त्यांना समजेना.

डोमाजींचे डोळे दाराकडं गेले. "अश्विन हाये ना?"

"बाहेर हाये."

"त्याले बोलाव. त्याच्यासमोर म्हण."

दुर्गाबाई दारापाशी गेल्या, अश्विनला आत घेऊन आल्या आणि सांगायला लागल्या, शेजारच्या खाटेवरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात. डोमाजी डोळे मिटून ऐकत होते. मध्येच त्यांनी एकदा हात वर केला.

"हळू सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."